तीन साखळ्या, पाच फूट

टेम्पोत बेसच्या चार पेट्या होत्या, वरच्या आवाजाच्या दोन, अ‍ॅम्प्लिफायर तीन (त्यातल्या एकाचा फक्त पंखा चालत होता), एक मिक्सर, दोन सीडी डेक, वायरींची दोन पोती, एक जनरेटर, आणि अम्मीच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला एक माईक. सीडी तेवीस होत्या. बावीस लग्नाच्या. तेविसावी पांढरी, बिननावाची, तिच्यावर निळ्या पेनानं ओढलेली एक आडवी रेघ. माणसं दोन. माझा मोठा भाऊ शाकिर, टेम्पो चालवायला आणि गाणी वाजवायला. आणि मी, फौजिया, जिचं टेम्पोत तसं काहीच काम नव्हतं. माझ्या पर्समध्ये एक वही, कापडी टेप आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं स्टॉपवॉच होतं. मी त्या वर्षी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि प्रयोगशाळेतल्या मॅडम अजून मला नाही म्हणत नव्हत्या.

२००४ चा मे महिना होता. आम्ही भोरहून कापूरहोळ, नसरापूर करत मार्गासनीला चाललो होतो. तिथं दुपारी बारा बत्तीसच्या मुहूर्तावर सुलक्षणाचं लग्न होतं. सुलक्षणा पाचवीपासून माझ्या बाकावर बसलेली. तिचं घर मार्गासनीचं, पण शिक्षणासाठी ती अकरा वर्षं भोरला हनुमंत मामांकडे राहिली. लग्नात मुलीला मंडपात आणायचं ते मामानं. भटजी माईकवरून तसं सांगतात, मामा मुलीचा हात धरतो आणि तिला चालवत आणून अंतरपाटाशी उभी करतो. एवढीच गोष्ट. आमची अडचणही तेवढीच होती. हनुमंत मामांना चालता येत नव्हतं.

म्हणजे येत होतं, पण कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

हे मला कळलं ते तीन आठवड्यांपूर्वी, मामा आमच्याकडे पत्रिका घेऊन आले तेव्हा. दारात आले, पायातल्या चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या बाहेर उभेच राहिले. दोन वर्षांपासून त्यांना कंपवात आहे हे मला ठाऊक होतं; उजव्या हाताचा अंगठा सारखा बोटांवर फिरत असायचा. पण हे नवीन होतं.

"या ना मामा, आत या."

"येतो की. पायाकडं अर्ज केलाय. मंजुरी येऊ दे."

अम्मी हसली. मी हसले नाही, कारण मी त्यांचे पाय बघत होते. गुडघे किंचित थरथरत होते आणि तळवे जमिनीला चिकटवल्यासारखे होते. मामा मोजणी खात्यात शिपाई होते. एकतीस वर्षं साखळीचं टोक धरून त्यांनी भोर-वेल्ह्याचे डोंगर तुडवले होते. त्या माणसाला चार इंचांचा उंबरा ओलांडता येत नव्हता.

त्याच वेळी मागच्या खोलीत शाकिरनं ती पांढरी सीडी लावली.

ती सीडी त्याला तोरण्यावरून उतरलेल्या चार पोरांनी दिली होती. वेल्ह्यात त्यांची शेवटची एसटी चुकली, शाकिरनं त्यांना टेम्पोतून हायवेपर्यंत सोडलं, आणि त्यांच्यातला एक लांब केसांचा मुलगा उतरताना म्हणाला, "तुम्ही डीजे आहात ना, मग हे ऐकाच." त्या गाण्यात शब्द नव्हते. सनई नाही, ढोलकी नाही. बोगद्याच्या पार पलीकडे पाणी ठिबकावं तसा एक आवाज, त्याखाली एक लांबच लांब काळा सूर, आणि सगळ्यात खाली एक ठोका. घाई नसलेला. शाकिर ते रोज ऐकायचा. एकदा तरी लग्नात वाजवायचं असं त्याच्या मनात होतं. आणि वाजवलं तर लोक चपला फेकतील, हेही त्याला माहीत होतं.

भिंतीतून ठोका ऐकू आला. चार ठोके गेले. पाचव्याला मामांचा उजवा पाय उचलला गेला, उंबऱ्यावरून आत आला, आणि मामा चालत जाऊन खुर्चीवर बसले.

"काय रं शाकिर," मामा ओरडले, "घरात गिरणी घातलीस का काय?"

त्यांना स्वतःला काही जाणवलं नव्हतं. मला जाणवलं होतं.

*

मामांना मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुमच्या पायाला आतून हुकूम जात नाही, पण कदाचित बाहेरून देता येईल. ते म्हणाले, "म्हंजी वरिष्ठांकडनं," आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला, गोळी घेतल्यानंतर दीड तासानं, आमच्या अंगणात येऊ लागले.

आमचं अंगण पेरूच्या झाडापासून नळापर्यंत अठरा फूट आहे. गाणं नसताना मामांना ते ओलांडायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. तीनदा पाय अडला. मग आम्ही गाणं लावलं. शाकिरच्या डेकवर वेग कमी-जास्त करायची एक सरकपट्टी आहे, बारा टक्के वर आणि बारा टक्के खाली. मूळ गाण्यात मिनिटाला ब्याण्णव ठोके होते. त्यावर मामा निघाले खरे, पण मागून कुणी ढकलल्यासारखे, पावलं आखूड होत गेली. मी वेग उतरवत नेला. जास्तच उतरवला की एक पाय दुसऱ्याची वाट बघत राहायचा. चौऱ्याऐंशीला पेरू ते नळ अंतर सतरा पावलांत, बारा सेकंदांत झालं. पुन्हा केलं, सतरा. तिसऱ्यांदा अठरा. चौथ्यांदा सतरा.

एकदा मी लग्नाचं नेहमीचं गाणंही लावून पाहिलं. मिनिटाला एकशे सव्वीस ठोके. मामांचे पाय जागच्या जागी भराभर थरथरले आणि अंग पुढं गेलं. मी आणि शाकिरनं दोन्हीकडून धरलं म्हणून ते पडले नाहीत. तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

सुलक्षणा पायरीवर बसून हे सगळं बघायची. हातात निवडायचे तांदूळ असायचे, पण निवडून होत नसत.

"पूर्वी कसा चालायचा माहितीये?" ती मला म्हणाली. "हिर्डोशीला सुट्टीत जायचो तेव्हा एसटी फाट्यावरच सोडायची. पुढं सगळं पायी. मी रडायला लागले की म्हणायचा, तेरा मोज. तेरा झाले की एक साखळी. तीनशे साखळ्यांवर आजोळ."

"तेराच का?"

उत्तर मामांनी दिलं, नळाशी उभं राहून. "साखळी तेहेतीस फुटाची, पोरी. माझं पाऊल अडीच फुटाचं. कर हिशेब. सायेब टेप उलगडंस्तवर आमी आकडा सांगून मोकळं."

मी केला. तेराला साडेबत्तीस येतात. सहा इंच कमी पडतात.

"सहा इंच सरकारला सोडायचं," मामा म्हणाले.

मार्गासनीहून मात्र निराळा निरोप आला होता. सुलक्षणाचे चुलते, चिमाजी काका, लग्नाची सगळी धावपळ तेच करत होते. त्यांचं म्हणणं होतं की हनुमंतरावांचा धाकटा भाऊ सोनबा आहे, तोही मामाच, त्यानं मुलीला आणावं. मधेच पाय अडला तर मुहूर्त टळेल, आणि चारचौघांत हनुमंतरावांचंच हसं होईल. काका वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मलाही म्हणता येत नव्हतं.

मामांना हे कळलं तेव्हा ते अंगणातच होते. अंगठा फिरायचा थांबला नाही. "सोनबानं पंगतीत वाढावं," ते म्हणाले. "जेवावं. नाचावं. पण पोरीला म्या आणणार."

मग हळूच, माझ्याकडे न बघता: "जमंल न्हवं, फौजिया?"

सतरा, सतरा, अठरा, सतरा. मी म्हटलं, "जमेल मामा."

*

आता प्रश्न शाकिरचा होता.

वरातीतली पोरं एकशे सव्वीसवर नाचत असणार. तिथून चौऱ्याऐंशीवर यायचं होतं. मधे गाणं बंद करून दुसरं लावलं तर दहा-पंधरा सेकंद शांतता पडते, आणि तेवढ्यात चार जण माईककडे धावतात, भटजी मंगलाष्टकं सुरू करतात, आपलं गाणं राहूनच जातं. शाकिरला ते एकातून दुसरं निघाल्यासारखं न्यायचं होतं. पण त्यासाठी दोन्ही गाण्यांचे ठोके जुळावे लागतात, आणि सरकपट्टी बाराच टक्के सरकते.

"नाही व्हायचं," तो म्हणाला. "एक पळतंय, एक चालतंय. हातात हात कसा घालणार?"

मी वहीत भागाकार केला. एकशे सव्वीस भागिले चौऱ्याऐंशी. बरोबर दीड.

"भाई, तिकडे तीन ठोके होतात तेवढ्यात इकडे दोन होतात. दर तिसऱ्याला दोघं एकत्र पडतात."

मग त्यानं अम्मीचा तांदळाचा डबा पालथा घातला आणि उजव्या हातानं तीन, डाव्या हातानं दोन असं वाजवायला लागला. आमचे अब्बा बॅन्जो पार्टीत ताशा वाजवायचे. शाकिर त्यांच्या मांडीवर बसून शिकलेला. दोन मिनिटांत त्याचे हात बसले. चेहराही बदलला.

"अगं सायंटिस्ट, हे तर अब्बा वाजवायचे!" तो म्हणाला. "हळदीला. मला ते तीनास दोन आहे हे माहीत नव्हतं, एवढंच."

त्यानं वेग आठ पूर्णांक सात टक्के खाली घेतला आणि सराव सुरू केला. आधी जुन्याखाली नवं हळूहळू उचलायचं, नुसता तो पाण्याचा आवाज आणि काळा सूर. मग तीनास दोन जुळलं की जुन्याचा खर्ज एका बटणानं काढून घ्यायचा आणि त्याच क्षणी नव्याचा सोडायचा. मग जुनं विरत न्यायचं. एकतीस वेळा केलं. पहिल्या दहात दोनदा जमलं, शेवटच्या दहात नऊ वेळा.

"गाणं किती मोठं आहे?" मी विचारलं.

"सात मिनिटं."

मी तेवढं लिहून घेतलं.

*

मंडप शाळेच्या पटांगणात होता. नवरीला बसायला पहिलीचा वर्ग दिला होता. वर्गाच्या दारापासून स्टेजपर्यंत लाल जाजम अंथरलं होतं, दोन्ही बाजूंना खुर्च्या. आम्ही पोचलो तेव्हा मामा आधीच आलेले होते, पांढरा फेटा, पांढरा सदरा, सोनबाच्या खांद्यावर हात. मी टेप काढायच्या आत त्यांनी डोळे बारीक करून जाजमाकडे पाहिलं.

"तीन साखळ्या," ते म्हणाले. "आन वर पाच फूट."

मी टेप लावला. एकशे चार फूट.

"सहा इंच सोडलं का न्हाई?" मामांनी विचारलं.

मी बाजूला जाऊन गणित केलं. अंगणातलं सरासरी पाऊल पावणेतेरा इंचांचं धरलं तर अठ्ठ्याण्णव पावलं, सत्तर सेकंद. गाणं सात मिनिटांचं. भरपूर होतं.

चिमाजी काका आमच्याकडे आले ते घामाघूम होऊन. "शाकिर, मुहूर्ताला सनईच लाव बाबा. ते तुजं काय ते हनुमंतरावांनी सांगितलं, पण सोयऱ्यांनी ऐकलं तर म्हणतील, लग्नात भुतं सोडली."

"काका, दीड मिनिटाचा प्रश्न आहे," शाकिर म्हणाला.

"मुहूर्त तरी कितीचा असतोय?"

शेवटी तोड निघाली ती मामांनीच काढली. सोनबा दोन पावलं मागं चालेल. काका स्टेजवर उभे राहतील. मामा मधेच अडले आणि निघेनात, तर काका हात वर करतील. सोनबानं पुढं होऊन पोरीचा हात धरायचा, आणि मामा बाजूच्या खुर्चीवर बसतील. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

"लेखी देऊ का?" मामा म्हणाले.

"नगं," काका म्हणाले, आणि त्यांनी मामांच्या फेट्याचा सुटलेला शेमला नीट केला.

अकरा वाजता मी मामांना गोळी दिली. बारा सव्वीसला नवरदेव स्टेजवर उभा होता, अंतरपाट धरलेला होता, आणि आमच्या पेट्यांसमोर वीस-बावीस पोरं नाचत होती. शाकिरनं हेडफोन एका कानाला लावला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पहिले काही सेकंद कुणालाच काही कळलं नाही. उड्या मारणाऱ्या गाण्याच्या बुडाशी पाणी ठिबकायला लागलं, एवढंच. मग तो काळा सूर आला, खालून, पाण्यात सावली यावी तसा. शाकिरची बोटं मिक्सरच्या कडेवर वाजत होती, उजवी तीन, डावी दोन. त्यानं एकदा सरकपट्टीला नखभर धक्का दिला. मग बटण फिरवलं.

पोरं हवेत होती ती खाली आली, आणि खाली जमीन हळू झालेली होती. दोन-चार जण तसेच नाचत राहिले, मग त्यांच्याच ध्यानात आलं की आपण अर्ध्या चालीनं डुलतोय. "ए डीजे," एक जण ओरडला, "सेल संपला का?" सगळे हसले. पण चपला कुणी फेकल्या नाहीत. हसता हसता ते बाजूला झाले आणि जाजम मोकळं झालं.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं."

वर्गाच्या दारात मामा आणि सुलक्षणा उभे होते. तिच्या अंगावर जांभळा शालू, कपाळावर मुंडावळ्या. मामांचा हात तिच्या हातात होता की तिचा त्यांच्या, ते लांबून कळत नव्हतं. चार ठोके गेले. पाचव्याला उजवा पाय उचलला.

मी स्टॉपवॉच दाबलं.

दहा. वीस. मी ओठांत मोजत होते. पावलं अंगणातल्यासारखीच पडत होती, तळवा पूर्ण उचलून, पूर्ण टेकवून. खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, ते बहुतेक गाण्याबद्दल असावं. चाळीस. मामांची मान ताठ होती. जाजमाची एक चुणी होती, ती त्यांनी ओलांडली. साठ. शाकिर हेडफोन काढून उभा राहिला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. चारशे माणसं त्याचं गाणं ऐकत होती. सत्तर.

आणि ठोका गेला.

पाणी होतं, काळा सूर होता, तो तर आणखीच मोठा आणि सुंदर झाला होता. पण सगळ्यात खालचा तो ठोका नव्हता.

मामांचा डावा पाय खाली टेकला आणि तिथंच राहिला.

"काय झालं?" मी शाकिरला विचारलं. "बंद पडलं का?"

"नाही. हे असंच आहे. हितं ठोका जातो, मग परत येतो. हेच तर माझं..." तो बोलायचा थांबला. "फौजिया, सूर तर चालूच आहे ना? त्यांना सुरावर चालता येत नाही?"

चूक माझी होती. मी गाण्याची लांबी विचारली होती. ठोका कुठवर आहे हे विचारलं नव्हतं. अंगणात बारा सेकंद लागायचे, मग आम्ही गाणं मागं घेऊन पुन्हा सुरुवातीपासून लावायचो. प्रत्येक वेळी पहिलं मिनिट. अठरा फुटांवर मिळालेलं उत्तर मी एकशे चार फुटांवर पसरवलं होतं.

"परत केव्हा येतो?"

"बत्तीस ठोक्यांनी."

तेवीस सेकंद. मामांचे गुडघे थरथरायला लागले होते. स्टेजवर चिमाजी काकांचा उजवा हात कोपरापर्यंत वर आला. पूर्ण वर केला नाही त्यांनी. थांबले. सोनबा एक पाऊल पुढं सरकला.

शाकिरचा हात दुसऱ्या डेककडे गेला, जुन्या गाण्याकडे. मी त्याचं मनगट धरलं. "एकशे सव्वीसला पडतील ते!"

मग मला सुलक्षणाचे ओठ हलताना दिसले.

मुंडावळ्यांमुळे चेहरा नीट दिसत नव्हता. नवरीनं मान खाली घालून चालायचं असतं, ती मान वर करून मामांकडे बघत होती. आधी मला वाटलं ती त्यांना धीर देतेय. मग आवाज आला, कारण पहिल्या काही रांगा गप्प झाल्या होत्या.

"...तेरा मोज. एक."

उजवा पाय उचलला.

"दोन. तीन. चार. पाच. सहा."

सोनबा जागच्या जागी थांबला. काकांचा हात कोपरापाशीच होता. ती ओरडत नव्हती, पण मोकळ्या आवाजात मोजत होती, रानात मोजावं तसं, आजूबाजूला कुणी नसल्यासारखं. पावलं तिचीही पडत होती, शालू एका हातानं घोट्याच्या वर उचललेला. अकराला मामांचा आवाज तिच्यात मिसळला. घोगरा होता, पण वेळेवर होता.

"बारा. तेरा."

"साखळी," मामा म्हणाले.

"एक. दोन."

काठावर बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "ह्ये काय गं, सप्तपदीवानी पावलं मोजत्यात?" शेजारीण म्हणाली, "मोजणीवालं हायती ते." आणि तीही मोजायला लागली.

सात. आठ. शाकिर दोन्ही हात मिक्सरपासून लांब धरून उभा होता, काचेच्या भांड्याजवळ उभं राहावं तसा. नऊ.

"दहा."

आणि ठोका परत आला.

तो त्यांच्या पायाखालीच आला. मामांची मान किंचित हलली, जणू उशिरा आलेल्या माणसाला ये म्हटलं. अकरा, बारा, तेरा. मग एक. स्टेजच्या कडेला सुलक्षणा थांबली, मामा थांबले, आणि मधे अंतरपाटाचं पांढरं कापड.

काकांचा हात आता पूर्ण वर गेला होता, पण त्यात अक्षता होत्या. भटजींनी घसा साफ केला. शाकिरनं काळा सूर इतका हळूहळू उतरवला की पहिल्या मंगलाष्टकाच्या पहिल्या ओळीखाली तो होता आणि दुसऱ्या ओळीखाली नव्हता.

मी स्टॉपवॉच बंद केलं होतं, पण आकडा बघितला नव्हता. अक्षतांचे दाणे वहीवर पडले, ते झटकले, आणि उभ्या उभ्याच लिहिलं:

अंतर एकशे चार फूट. पावलं सत्त्याण्णव. थांबा एक, आठ ठोक्यांचा. त्यानंतरच्या चोवीस ठोक्यांच्या वेळात, ठोक्याशिवाय, पावलं तेवीस. एकूण वेळ शहात्तर सेकंद.